उत्तर जसे आले तसे



सिंगापुरात आल्यावर मी दोन वर्षे दूरध्वनीवरून सर्वेक्षण करणाऱ्या एका केंद्रात संध्याकाळच्या पाळीत काम केले. ‘एवढी शिकलीस आणि फोनवर बोलायची नोकरी करतेस?’ असे गावाकडून विचारले जाई. त्याचे उत्तर आज आपणांपुढे देत आहे.

कामाचे स्वरूप वरवर साधे आहे. संगणक आठ आकडी क्रमांक लावून देतो. कानावर हेडफोन, समोर पडद्यावर प्रश्न. प्रश्न लिहिलेल्या शब्दांतच वाचायचा. आवाजातूनही आपले मत उमटू द्यायचे नाही. चार राजभाषांच्या या देशात इंग्रजी न जाणणाऱ्याचा फोन चिनी, मलय वा तमिळ बोलणाऱ्या सहकाऱ्याकडे सोपवायचा. पुष्कळ लोक रागाने फोन ठेवून देतात. जाहिरातीचे फोन नको असणाऱ्यांसाठी जानेवारी २०१४ पासून येथे ‘डू नॉट कॉल’ नोंदवही आहे. सर्वेक्षणाच्या फोनला ती लागू नाही. पण ऐकणाऱ्याला हा भेद कसा कळावा?

तरीही या कामाला मोल आहे. सिंगापूरच्या २००० सालच्या जनगणनेत मूलभूत माहिती सरकारी नोंदींवरून घेतली गेली. सविस्तर प्रश्न मात्र सुमारे २० टक्के घरांनाच विचारले गेले. इंटरनेटवर, दूरध्वनीवर आणि प्रत्यक्ष घरी जाऊन. म्हणजे एक घर पाच घरांच्या वतीने बोलत होते. त्याचे उत्तर चुकीचे लिहिले, तर अन्याय पाच घरांवर होतो.

एका रात्री आमचा कोटा पूर्ण व्हायला एकच मुलाखत उरली होती. एका वृद्ध बाईंनी शेवटच्या चारही प्रश्नांना ‘मला सांगता येत नाही’ असे उत्तर दिले. अशी मुलाखत हिशेबात धरली जाणार नव्हती. पर्यवेक्षक म्हणाले, “मधला पर्याय भरून टाका, कोणाला कळणार आहे?”

त्या क्षणी मला आजोबा आठवले. १९६१ च्या शिरगणतीत आलेल्या गृहस्थाने काही न विचारताच धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहिले. आजोबांनी ते खोडायला लावले आणि ‘बौद्ध’ लिहून घेतल्यावरच त्याला उंबऱ्यावरून हलू दिले. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात १९५१ साली बौद्धांची नोंद जेमतेम २,५०० होती. १९६१ साली ती सुमारे २७.९ लाख झाली. १९५६ च्या धम्मक्रांतीची ही सरकारी नोंद दारोदारी ठामपणे दिलेल्या उत्तरांतून उभी राहिली. १९३२ साली लोथियन समितीतही अस्पृश्यांच्या संख्येवरून वाद झाला होता. संख्या कमी दाखवली की हक्कही कमी होतात, हे बाबासाहेब ओळखून होते.

मी ‘सांगता येत नाही’ असेच नोंदविले. पुढच्या आठवड्यात माझ्या पाळ्या कमी झाल्या. परंतु त्या बाईंच्या तोंडी न बोललेला शब्द घातला गेला नाही, याचे समाधान आजही आहे.

बंधू-भगिनींनो, असा फोन आला तर कोण बोलते आहे आणि माहिती कशासाठी हवी आहे, हे अवश्य विचारा. ओळखपत्राचा क्रमांक, बँकेचा तपशील किंवा पासवर्ड कोणालाही सांगू नका. मात्र फोन खरा असेल, तर थोडा वेळ द्या आणि आपले उत्तर स्वतः द्या. आणि आपली मुले कधी विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसली, तर त्यांना एवढेच सांगा : समोरच्याचे उत्तर जसे आले तसे लिहा.