वहीतील रिकामा रकाना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील सभेत केलेले भाषण)



व्यासपीठावरून बोलण्याचा मला सराव नाही. संरक्षण लेखा खात्यात ३३ वर्षे काढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या कागदावर शेरा मारण्याची सवय असते. स्वतःचे मनोगत मांडण्याची नसते. तरीही कार्यवाहांनी 'आमचे सहाध्यायी : आज कोण कोठे' हा विषय सुचविला तेव्हा मी लगेच होकार दिला. कारण याच विषयाने गेल्या वर्षी मला माझ्या घरात निरुत्तर केले होते. ती हकीकत आपल्यापुढे ठेवावी, एवढाच आजचा हेतू आहे.

पुण्याच्या एका महाविद्यालयातून मी १९९१ साली बी.ए. झालो. आमच्या वर्गात ६४ जण होते. आता बहुतेकांची सेवानिवृत्ती जवळ आली, तेव्हा सर्वांची माहिती एका वहीत एकत्र करावी असे काही मित्रांच्या मनात आले. "तू हिशेबातला माणूस, हे काम तुझेच," असे म्हणून त्यांनी ते माझ्या गळ्यात घातले. मीही खात्याच्या शिस्तीने तक्ता आखला : नाव, हुद्दा, कार्यालय, गाव, पत्नी, मुले काय करतात. पत्रे गेली, दूरध्वनी झाले, आणि चार महिन्यांत ५१ जणांची माहिती हाती आली.

ती वाचताना प्रथम मोठा आनंद झाला. एक मित्र दूरसंचार खात्यात लागला होता. १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगमाने खात्याच्या सेवांचा कारभार हाती घेतला आणि सरकारी नोकर असलेला हा गृहस्थ निगमाचा कर्मचारी झाला. ज्या तारेची वाट पाहताना आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळजात धस्स होत असे, ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये त्याच्या डोळ्यांदेखत बंद पडली. आणि ३१ जानेवारी २०२० रोजी हजारो सहकाऱ्यांबरोबर स्वेच्छानिवृत्ती घेऊन तोही घरी आला. दुसरा देना बँकेत होता. १ एप्रिल २०१९ रोजी ती बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. "खुर्ची तीच राहिली, दारावरची पाटी तेवढी बदलली," असे त्याने लिहिले. तिसऱ्याने नोकरीचा नाद सोडून निफाडकडे द्राक्षबाग लावली. त्याच्या पत्रात हुद्द्याऐवजी अवकाळी पावसाचीच माहिती अधिक होती. देशात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे जे घडले, ते या साध्या उत्तरांत उतरले होते.

पण एकाचे उत्तर काही केल्या येईना. परीक्षेच्या आधी आम्ही सारे ज्याच्या टिपणांवर अवलंबून असू, तोच हा. तो तालुक्याच्या गावी झेरॉक्सचे दुकान चालवितो. पाचव्यांदा दूरध्वनी केला तेव्हा म्हणाला, "साहेब झालेल्यांच्या यादीत माझे काय काम?" मी आखलेला 'हुद्दा' हा रकाना त्याला दार लावून घेणारा वाटला होता. मी त्याची समजूत घातली, तक्ता मात्र बदलला नाही. माझी पहिली चूक ती.

मग न सापडलेल्या १३ नावांकडे वळलो. त्यांपैकी ११ मुली होत्या. विवाहानंतर आडनावे बदलली, काहींची नावेही बदलली, माहेरची घरे विकली गेली. शोधायचे कोणत्या नावाने? वर्गात पहिली आलेली मुलगीही त्यांतच होती. ज्या सापडल्या, त्यांच्यापैकी अनेकींनी 'हुद्दा' या रकान्यात यजमानांचा हुद्दा लिहून पाठविला होता. मी तो तसाच नोंदवून घेतला. वास्तविक पुण्यात शिकलेल्या माणसाला एवढे तरी आठवावयास हवे होते की, मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी ही पुण्याच्याच डेक्कन कॉलेजची विद्यार्थिनी. परीक्षेत ती अग्रभागी होती, पण विलायतेला जाण्यासाठी मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती ती स्त्री म्हणून तिला नाकारण्यात आली. पुढे ऑक्सफर्डला जाऊन तिने १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती पडली ती १९२२ साली. तीस वर्षे तिच्या नावापुढचा रकाना रिकामा होता, आणि त्याला कारण तिची विद्या नव्हती.

शेवटी मी स्वतःची नोंद लिहिली. रुजू १९९२, विभागीय परीक्षा उत्तीर्ण, पुढे अधिकारी. पुणे, जबलपूर, आजचे प्रयागराज, सिकंदराबाद, गुवाहाटी आणि आता डेहराडून. 'पत्नी' या रकान्यात लिहिले : 'बी.ए., बी.एड., गृहिणी'. वही टेबलावर तशीच उघडी राहिली. संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतींनी ती वाचली व अगदी शांतपणे विचारले, "तुमच्या पाच बदल्या झाल्या, तशा माझ्या पाच नोकऱ्या सुटल्या. दर गावी मी नव्या शाळेत पुन्हा पहिल्या पायरीपासून शिकवायला लागले. मग तुमची सेवा तेहेतीस वर्षांची आणि माझी शून्य कशी?"

बंधुभगिनींनो, आयुष्यभर मी इतरांच्या हिशेबावर आक्षेप घेतले. परंतु या आक्षेपाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. 'गृहिणी' हा शब्द मुळीच हलका नाही. मी तो आदराने लिहिला असता तर प्रश्नच नव्हता. मी तो रकाना भरून टाकण्यासाठी लिहिला होता. पुण्याच्या शाळेतील कायम नोकरी तिने १९९९ साली सोडली, तेव्हा राजीनाम्याचा मसुदा मीच तयार करून दिला होता, हेही त्या वेळी मला आठवले नाही.

त्या रात्री मला मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांची आठवण झाली. १८६२ च्या पहिल्या बी.ए. परीक्षेत चौघे उत्तीर्ण झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पहिले दोघे सर्वांना ठाऊक आहेत. उरलेल्या दोघांची नावे आज क्वचितच कोणी घेतो. रानडे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, हे कोणताही तक्ता सांगेल. पण ते घरात कसे वागत, कसे बोलत, कोणते दुःख कसे गिळीत, हे आपल्याला कळते ते रमाबाईंच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींतून. रमाबाईंचे नाव कोणत्याही विद्यापीठाच्या यादीत नव्हते. लग्नानंतर, घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष पत्करून, त्या घरीच शिकल्या होत्या. पहिल्या पदवीधराची सर्वांत जिवंत हकीकत लिहिली ती पदवी नसलेल्या सहधर्मचारिणीने.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता फाडला. नव्या वहीत 'हुद्दा' हा रकाना नाही. त्याऐवजी प्रत्येकाने आपली हकीकत आपल्या हाताने लिहावी अशी विनंती केली. झेरॉक्सवाल्या मित्राने आठ पाने लिहिली. आमच्या घरची नोंदही आता मी लिहीत नाही. ती जिची तिने लिहिली आहे. तिचा शेवटचा परिच्छेद आपल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गाविषयी आहे. या सभागृहातील पुष्कळ मुले तेथेच बाराखडी शिकली, हे आपण जाणताच.

आता मंडळाला एक नम्र सूचना. या अंकासाठी जुनी सभासद नोंदवही चाळताना पन्नास वर्षांच्या नोंदी मी पाहिल्या. जवळजवळ प्रत्येक पानावर 'श्री. अमुक व कुटुंबीय' एवढेच आहे. त्या 'कुटुंबीय' शब्दाखाली कितीतरी शिक्षिका, परिचारिका, गायिका आणि पदवीधर झाकल्या गेल्या असतील! बाहेर टेबलावर कार्यवाहांनी नवी नोंदवही ठेविली आहे. तिच्यात प्रत्येकीने स्वतःच्या हस्ताक्षरात, माहेरच्या नावासह, आपले गाव, शाळा, महाविद्यालय आणि पुढची हकीकत लिहावी. इतर गावांच्या मंडळांनाही आपण असेच कळवू. आमच्या वर्गात पहिली आलेली ती मुलगी अद्याप सापडलेली नाही. कदाचित अशाच एखाद्या दूरच्या मंडळात, कोणाच्या तरी 'कुटुंबीय'मध्ये ती आज बसलेली असेल.