शोरमा घरच्या तव्यावर



आज मी कविता वाचणार नाही. आज शोरम्याविषयी बोलणार आहे. कवीला स्वयंपाकघरात कुणी बोलावलं, असं तुम्ही म्हणाल. पण हा विषय मला बातम्यांनी दिला. मे २०२२ मध्ये केरळात, कासरगोड जिल्ह्यात, शोरमा खाल्ल्यानंतर एक शाळकरी मुलगी दगावली. मे २०२४ मध्ये आपल्या मानखुर्दला, रस्त्यावरच्या गाडीवरचा चिकन शोरमा खाऊन १९ वर्षांच्या तरुणाचा जीव गेला. आंबिवलीत आमच्या गल्लीतली पोरं याच वयाची आहेत. खिशात पन्नास-साठ रुपये जमले की ती शोरम्याच्या गाडीवर दिसतात. त्यांना 'खाऊ नका' म्हणून काही उपयोग नाही. 'घरी या, करून देतो' हे मात्र ती ऐकतात.

आधी हा पाहुणा कुठला, ते पाहू. शोरमा हा शब्द अरबांनी तुर्कांकडून घेतला. मूळ तुर्की शब्दाचा अर्थ 'फिरवणं'. उभ्या सळईवर मांसाचे थर रचायचे, ते विस्तवासमोर फिरवत ठेवायचे आणि बाहेरून भाजलेला भाग सुरीने तासून रोटीत घालायचा. एकोणिसाव्या शतकात ऑटोमन तुर्कस्तानात ही पद्धत रूढ झाली. तिथून ती लेबनॉन-सीरियात गेली. लेबनॉनच्या लोकांबरोबर मेक्सिकोला पोहोचली आणि तिथल्या मक्याच्या रोटीत शिरली. तुर्की कामगारांनी ती बर्लिनला नेली. जिथे गेली तिथली रोटी आणि तिथलं तोंडीलावणं तिने घेतलं.

आपल्या मुंबईतही ती फार पूर्वी आली, पण नाव बदलून. अमरजितसिंग टिब्ब नावाचे गृहस्थ इंग्लंडहून परतताना बैरुतला थांबले. तिथे त्यांनी पिटा रोटीत गुंडाळलेलं मांस खाल्लं. मुंबईला येऊन त्यांनी मैद्याची रोटी, तिला अंड्याचा हात, आत मसालेदार सारण आणि वर व्हिनेगरमधली मिरची, असा स्वतःचा प्रकार बसवला. १९६९ मध्ये तो विकायला काढला आणि वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू फ्रँक वॉरेल याच्यावरून नाव ठेवलं 'फ्रँकी'. म्हणजे आपण कॉलेजात असताना जी फ्रँकी खात होतो, तिचं आजोळ भूमध्य समुद्राच्या काठी होतं. आज कुणी शोरम्याकडे बोट दाखवून 'हे आपलं नव्हे, हे त्यांचं' म्हणू लागला, की मला फ्रँकी आठवते. आणि पोळीला तूप-साखर लावून तिची सुरळी पोराच्या हातात देणारी आईही आठवते. मोहोन्याची एन.आर.सी. चालू होती तेव्हा पाळीला उशीर झालेला कामगार पोळीत सुकी भाजी गुंडाळून चालता चालता खायचा. गुंडाळून खाणं आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता धोका कुठे आहे ते समजून घेऊ. सळईवरचा गोळा बाहेरून भाजतो, आतून कोमटच राहतो. गिऱ्हाईक नसलं की गाडीवाला गॅस बारीक करतो. साधारण पाच ते साठ अंश सेल्सियस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. पुन्हा गर्दी झाली की घाईत सुरी खोल जाते आणि अर्धकच्चा भाग रोटीत येतो. दुसरा धोका पांढऱ्या मेयोनीजचा. ते कच्च्या अंड्याचं असलं आणि मे महिन्याच्या उन्हात दिवसभर उघडं राहिलं, तर वेगळं काही सांगायला नको. केरळने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये वर्षभरासाठी घातली. सगळे गाडीवाले बेफिकीर असतात असं मी म्हणत नाही. पण ज्याच्याकडे फ्रीज नाही, नळ नाही, त्याला स्वच्छता पाळणं अवघड जातं, एवढं खरं.

घरी सळई लागत नाही, तवा पुरतो. अर्धा किलो बोनलेस चिकन घ्या, शक्यतो मांडीचं. छातीचं लवकर कोरडं पडतं. ते नळाखाली धूत बसू नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर, भांड्यांवर उडतात. कागदाने टिपून घ्या. सुरी आणि फळी वेगळी ठेवा, हात साबणाने धुवा. बोटभर लांबीच्या पट्ट्या कापा. चार मोठे चमचे चक्का, सहा लसूण पाकळ्या वाटून, एका लिंबाचा रस, जिरेपूड व धनेपूड एकेक चमचा, मिरपूड व दालचिनीपूड अर्धा अर्धा चमचा, काश्मिरी तिखट, मीठ आणि दोन चमचे तेल. ऑलिव्हचं असलं तर उत्तम, नसलं तर अडत नाही. हे सगळं चोळून चार तास फ्रीजमध्ये ठेवा. ओट्यावर नको.

तवा चांगला तापू द्या. पट्ट्या एका थरात पसरा, गर्दी करू नका. गर्दी केली की पाणी सुटतं आणि चिकन भाजण्याऐवजी शिजत बसतं. आठ-दहा मिनिटांत कडा खरपूस होतात. सगळ्यांत जाड पट्टी कापून पाहा. आत गुलाबी दिसता कामा नये.

मेयोनीजची गरजच नाही. लेबनॉनी लोकांचं लसणाचं तोंडीलावणं आहे, 'तूम'. त्यात अंडं नसतं. दहा-बारा लसूण पाकळ्या आणि मीठ मिक्सरमध्ये बारीक करा. मग वाटीभर सूर्यफुलाचं तेल अगदी बारीक धारेने सोडा आणि मधूनमधून लिंबाचा रस घाला. घाई केली तर फाटतं, सावकाश केलं तर लोण्यासारखं पांढरं होतं. फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. तेलातला लसूण बाहेर ठेवू नये. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी चक्क्यात लसूण कालवावा. 'ताहिनी' म्हणजे तिळाचं वाटण. संक्रांतीचे पांढरे तीळ उरले असतील तर हलके भाजून थोड्या तेलाबरोबर वाटा, झाली ताहिनी. तिकडे आंबटपणाला सुमाक नावाच्या फळाची लालसर पूड भुरभुरतात. मी आमसुलं वाळवून कुटतो आणि ती पूड वापरतो. सुमाकची उणीव मला तरी भासलेली नाही.

पिटा रोटीही अवघड नाही. एक कप कणीक, एक कप मैदा, चमचाभर यीस्ट, थोडी साखर, मीठ, तेल आणि कोमट पाणी. सैलसर मळून तासभर झाकून ठेवा, मग जाडसर लाटून तापल्या तव्यावर टाका. आतल्या वाफेने रोटी फुगते आणि दोन पदर सुटतात. आपला फुलका फुगतो तो याच कारणाने. वेळ नसेल तर सरळ पोळी घ्या. काकडी, टोमॅटो, कांदा, व्हिनेगरमध्ये मुरवलेले मुळ्याचे आणि बिटाचे तुकडे घालून घट्ट गुंडाळा आणि लगेच खा. उरलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. बाहेर राहिलेलं पुन्हा गरम केलं म्हणजे निर्धोक झालं असं समजू नका. काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही.

आमच्याकडे पोरं येतात तेव्हा एक लाटतो, एक भाजतो, एक कांदा कापताना रडतो. पहिल्या दिवशी रोट्या नकाशासारख्या होतात, चौथ्या दिवशी गोल. आता त्यांतले दोघे आपल्या घरी आयांना करून घालतात. चिकन न खाणाऱ्या शेजाऱ्यांसाठी त्याच मसाल्यात पनीर किंवा फ्लॉवर परततात. येत्या रविवारी तुम्हीही करून पाहा. आणि बाहेर खायचंच असेल, तर समोर ताजं, पूर्ण भाजलेलं असेल तेवढंच घ्या, पांढरी चटणी नको म्हणा. गाडीवाला रागावणार नाही. रागावलाच, तर पुढच्या गाडीवर वडापाव आहेच.