परीक्षेचा प्रश्न आणि अभ्यासाचा प्रश्न



आपल्यापैकी ज्यांनी कधी शिक्षकाचा व्यवसाय केला असेल, त्यांच्या घरी एखाद्या कपाटाच्या तळाशी जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक गठ्ठा हटकून सापडेल. परीक्षा होऊन जाते, निकाल लागतो, मुले वरच्या वर्गात जातात. आणि ज्या प्रश्नांसाठी शिक्षकाने रात्री जागून विचार केलेला असतो, ते प्रश्न सुतळीने बांधून अडगळीत पडतात. एवढ्या मेहनतीने घडविलेल्या प्रश्नाचे आयुष्य अवघे तीन तासांचे! या गठ्ठ्यातील प्रश्नांना संगणकाच्या साहाय्याने पुन्हा कामाला कसे लावता येईल, याविषयी आज मी आपल्याशी चार शब्द बोलणार आहे.

प्रारंभी माझ्याच एका चुकीची कबुली देतो. फार वर्षांपूर्वी सहामाही परीक्षेत मी एक साधा प्रश्न घातला होता : ०.३ गुणिले ०.३ किती? एका मुलाने उत्तर लिहिले, ०.९. मी लाल फुली मारली. उत्तरपत्रिका परत दिल्यावर तो मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “सर, तीन त्रिक नऊ. मग हे चूक कसे?” मी घाईत होतो. “परीक्षा संपली. आता पुढचा धडा उघड,” असे म्हणून मी त्याला जागेवर बसविले. वार्षिक परीक्षेत त्याच मुलाने ०.२ गुणिले ०.४ याचे उत्तर ०.८ असे लिहिले. मी पुन्हा लाल फुली मारली. त्या पोराने आपली शंका माझ्यापर्यंत आणून पोहोचविली होती. मीच तिला दार उघडले नाही.

परीक्षेचा प्रश्न आणि अभ्यासाचा प्रश्न यांत फरक आहे तो इथे. परीक्षेचा प्रश्न न्यायाधीशाच्या आसनावर बसलेला असतो. तो उत्तर ऐकतो, निकाल देतो आणि पुढच्या खटल्याकडे वळतो. अभ्यासाचा प्रश्न मात्र उत्तर चुकले की विद्यार्थ्याच्या शेजारी येऊन बसतो. तुझा पाय कोठे घसरला, ते त्याला दाखवितो आणि पुन्हा एकदा प्रयत्न करावयास सांगतो. गंमत अशी, की दोहोंचे शब्द अगदी तेच असू शकतात. बदलते ते उत्तरानंतर काय घडते एवढेच.

ही कल्पना संगणकाहूनही जुनी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात सिडनी प्रेसी नावाचे मानसशास्त्राचे एक प्राध्यापक होते. त्यांनी १९२० नंतरच्या दशकात एक छोटे यंत्र बनविले आणि १९२६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. यंत्राच्या खिडकीत एक प्रश्न व त्याची चार उत्तरे दिसत. विद्यार्थ्याने चारांपैकी एक कळ दाबावयाची. यंत्र प्रश्न पुढे सरकवी आणि बरोबर उत्तरांची मोजणी ठेवी. ही झाली परीक्षा. परंतु त्या यंत्राला एक लहानसा खटका होता. तो वर उचलला की यंत्राची वृत्तीच पालटे. बरोबर कळ दाबली जाईपर्यंत ते पुढच्या प्रश्नाकडे जावयाचे नाव घेत नसे. अमुक इतकी उत्तरे बरोबर आली की गोळी बाहेर टाकण्याची सोयही त्याला जोडलेली होती! गोळीचे सोडून द्या; महत्त्व आहे ते त्या खटक्याला. प्रश्न तेच, यंत्र तेच. एक खटका उचलला की परीक्षेचे रूपांतर अध्यापनात होते.

प्रश्न सोडविल्याने ज्ञान केवळ मोजले जात नाही, तर ते पक्केही होते, असे आता प्रयोगांनी दाखविले आहे. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही उतारे वाचावयास दिले. काही उतारे त्यांनी दुसऱ्यांदा वाचले. काहींच्या बाबतीत मात्र पुस्तक मिटून, आठवेल तेवढे कागदावर लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचन केलेले थोडे पुढे होते. परंतु एक आठवड्यानंतरचे चित्र उलटे होते. ज्यांनी केवळ पुन्हा वाचले होते त्यांना शेकडा ४२ भाग आठवत होता. ज्यांनी आठवून लिहिले होते त्यांना शेकडा ५६. आपल्या वाडवडिलांनी पाढे वाचून घेतले नाहीत, म्हणून घेतले, त्यामागे हाच अनुभव असावा.

आता प्रेसींचा तो खटका आजच्या संगणकात कोठे आहे ते पाहू. मार्टिन डुगियामास या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी तयार केलेली ‘मूडल’ नावाची एक आज्ञावली २००२ साली प्रकाशात आली. ती विनामूल्य आहे, आणि अनेक देशांतील शाळा-महाविद्यालये ती वापरतात. तीत प्रश्नांची एक पेढी असते. एकदा जमा केलेला प्रश्न कितीही चाचण्यांत काढून वापरता येतो, आणि प्रत्येक चाचणी मांडताना शिक्षकाला विचारले जाते, की प्रश्नांनी वागावे कसे? सर्व उत्तरे दिल्यावर शेवटी निकाल सांगावा, असे निवडले की झाली परीक्षा. चुकल्याबरोबर सूचना द्यावी आणि पुन्हा प्रयत्न करू द्यावा, असे निवडले की झाला अभ्यास. शंभर वर्षांपूर्वीचा तो खटकाच हा!

परंतु केवळ खटका उचलून भागत नाही. प्रश्नाने बोलावयाचे तर त्याला बोलणे शिकवावे लागते, आणि ते काम शिक्षकाचे. मूडलमध्ये प्रश्न भरण्यासाठी साध्या मजकुराची एक पद्धत आहे; तिला ‘गिफ्ट’ म्हणतात. आधी प्रश्न लिहावयाचा. मग महिरपी कंसात उत्तरे. बरोबर उत्तराच्या आधी बरोबरीचे चिन्ह, चुकीच्या उत्तराच्या आधी नागमोडी रेघ. प्रत्येक उत्तरानंतर दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघांचे जाळीसारखे चिन्ह घालून, ते उत्तर निवडणाऱ्याला काय सांगावयाचे ते लिहावयाचे. दोन प्रश्नांमध्ये एक ओळ मोकळी सोडावयाची. गणिताच्या शिक्षकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की प्रश्नातच बरोबरीचे चिन्ह आले तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. नाही तर यंत्राचा गोंधळ उडतो.

माझा तो जुना प्रश्न मी या पद्धतीने पुन्हा लिहिला. बरोबर उत्तर ०.०९. चुकीची उत्तरे तीन घेतली : ०.९, ०.६ आणि ०.००९. ती मनाने रचलेली नव्हती. उत्तरपत्रिका तपासताना मुलांच्या चुका एका वहीत टिपून ठेवण्याची मला सवय होती. त्या वहीतूनच ती आली. ज्याने ०.६ निवडले त्याने गुणाकाराऐवजी बेरीज केली, त्याला सांगितले, “चिन्ह पुन्हा पाहा.” ज्याने ०.००९ निवडले त्याने एक स्थळ अधिक मोजले, त्याला सांगितले, “दोन्ही संख्यांत मिळून दशांशचिन्हाच्या उजवीकडे किती अंक आहेत?” आणि ज्याने ०.९ निवडले त्याला विचारले, “एकापेक्षा लहान संख्येने ०.३ ला गुणले, तर गुणाकार ०.३ हून मोठा होईल की लहान?” त्या मुलाने मला प्रश्न विचारला, त्या दिवशी मी देऊ शकलो असतो ते उत्तर हेच होते. ते लिहावयास मला दोन मिनिटे लागली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. जुन्या प्रश्नपत्रिकांचे मोल प्रश्नांत आहे त्याहून अधिक त्यांना आलेल्या चुकीच्या उत्तरांत आहे. चुकीचा पर्याय जर कोणी कधीच निवडणार नसेल, तर तो पर्याय नव्हे. ती केवळ भरती होय.

बहुपर्यायी प्रश्न हा एकच प्रकार नाही. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठात तयार झालेल्या एका जुन्या आज्ञावलीचे नाव मोठे गमतीचे आहे : ‘हॉट पोटेटोज’, म्हणजे गरम बटाटे. तिच्यात रिकाम्या जागा भरणे, जोड्या लावणे, विस्कटलेले वाक्य जुळविणे आणि शब्दकोडे, असे निरनिराळे खेळ आहेत. आपल्या नेहमीच्या प्रश्नपत्रिकेतील पहिले दोन-तीन प्रश्न त्यांत सहज बसतात. एकदा तयार केलेले पान इंटरनेट नसलेल्या संगणकावरही उघडते, हा खेड्यातील शाळेच्या दृष्टीने मोठाच लाभ. नॉर्वेमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या ‘एच-फाइव्ह-पी’ या साधनात तर चलच्चित्र मध्येच थांबवून प्रश्न विचारता येतो. रिकाम्या जागेचे वाक्य लिहिताना गाळावयाच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंस तारकेची खूण केली की काम झाले.

येथे मराठीच्या वाटेतील काही काटे सांगितले पाहिजेत. पुष्कळ शाळांतील जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडपूर्व अक्षरसंचांत टंकलिखित केलेल्या आहेत. त्या कागदावर सुबक दिसतात. परंतु तोच मजकूर नव्या आज्ञावलीत टाकला की निरर्थक चिन्हांची रांग उमटते. त्यांचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते, आणि ते झाल्यावर जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांखालून घालावे लागतात. दुसरा काटा अधिक सूक्ष्म आहे. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारांनी टंकित करता येते; डोळ्यांना ते एकच दिसते, यंत्राला मात्र दोन निराळी वाटतात. देवनागरी नऊ आणि इंग्रजी नऊ यांचेही तसेच. ज्या मुलीने अचूक उत्तर लिहिले तिला यंत्राने ‘चूक’ म्हणावे, याहून मोठा अन्याय कोणता? म्हणून लेखी उत्तराच्या प्रश्नाला जितकी रूपे ग्राह्य, तितकी सर्व आधीच नोंदवून ठेवावीत.

याहूनही मोठा धोका आहे, आणि तो यंत्राचा नसून आपल्या आळसाचा आहे. ‘कारणे द्या’, ‘तुमचे मत लिहा’, ‘रसग्रहण करा’ हे प्रश्न यंत्राला नीट तपासता येत नाहीत. म्हणून ते सोडून द्यावेत आणि सगळा अभ्यास चार पर्यायांच्या चौकटीत कोंबावा, असा मोह होतो. असे झाले तर मुले निवडावयास शिकतील आणि लिहावयास विसरतील. अशा प्रश्नांना निराळी वाट आहे. विद्यार्थ्याने प्रथम आपले उत्तर पूर्ण लिहावे. मग त्याला चांगल्या उत्तरातील मुद्द्यांची यादी दाखवावी आणि आपल्या उत्तराशी त्याने ती स्वतःच पडताळून पाहावी. गुण द्यावयाचे नसले, की मुले स्वतःशी आश्चर्य वाटावे इतकी प्रामाणिक असतात.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणार्धात प्रश्नांचे पर्याय आणि सूचना रचून देतात. त्यांचा कच्चा खर्डा म्हणून उपयोग अवश्य करावा. परंतु ती साधने चुकीचे उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात, आणि आपल्या वर्गातील मूल नेमके कोठे अडते हे त्यांना ठाऊक नसते. शेवटचा हात शिक्षकाचाच फिरला पाहिजे.

एक शब्द बृहन्महाराष्ट्रातील श्रोत्यांसाठी. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी पुष्कळ मराठी घरांतील मुले शाळेत मराठी शिकत नाहीत. त्यांच्यासाठी मराठी व्याकरणाच्या जुन्या प्रश्नपत्रिका हा मोठा ठेवा आहे. लिंग ओळखा, वचन बदला, म्हण पूर्ण करा, असे दहा प्रश्न घेऊन आई-वडिलांनी एका रविवारी त्यांचा खेळ करावा. संगणक नसला तरी बिघडत नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्याच्या एका बाजूस प्रश्न लिहावा आणि दुसऱ्या बाजूस उत्तराऐवजी एक सूचना लिहावी. खटका उचलला गेला पाहिजे, एवढेच खरे; तो लोखंडाचा असो, विजेचा असो की पुठ्ठ्याचा.

सुरुवात करणारांना माझे सांगणे एवढेच : संपूर्ण गठ्ठा एकदम सोडू नका. एक प्रश्नपत्रिका काढा, तीतील ज्या पाच प्रश्नांत सर्वांत अधिक मुले चुकली तेवढेच घ्या, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला एकेक वाक्याचे उत्तर लिहा.

तो मुलगा आता चांगला पन्नाशीचा गृहस्थ झाला असेल. दशांश अपूर्णांकांचा गुणाकार तो पुढे कोठे तरी शिकला असेल, किंवा शिकलाही नसेल. त्याला द्यावयाचे राहिलेले ते एक वाक्य आता माझ्या प्रश्नाला जोडलेले आहे. जो कोणी ०.९ हे उत्तर निवडील, त्याला ते ताबडतोब मिळते. त्याला “परीक्षा संपली” असे कोणी सांगत नाही.