शाखेवरून शाखेवर

संगणकाचा मोठा कार्यक्रम एकदां लिहून संपला, असें कधीं होत नाहीं. त्याच्या मुख्य शाखेवर नवें काम चालू असतें. जुन्या शाखा लोकांच्या नित्य वापरांत असतात, आणि त्यांत फक्त दोष तेवढे दूर व्हावेत, एवढीच अपेक्षा असते. मुख्य शाखा सबंध जोडावी, तर दुरुस्तीबरोबर नको असलेले शेंकडों फेरफारहि आंत येतात. म्हणून हवी तेवढीच नोंद उचलावी लागते. लिनस टॉर्व्हल्ड्स यांनीं २००५ सालीं निर्माण केलेल्या ‘गिट’ या व्यवस्थेंत अशा नोंदीस ‘कमिट’ म्हणतात आणि ती दुसऱ्या शाखेवर उतरविण्याच्या आज्ञेस ‘चेरी-पिक’, म्हणजे झाडावरचें निवडक फळ खुडणें.

परंतु नक्कल म्हणजे मूळ नोंद नव्हे. कमिटची खूण तिचा मजकूर, कर्ता, वेळ आणि तिच्या आधीची नोंद या सर्वांवरून ठरते. शाखा बदलली कीं खूणहि बदलते. दोहोंचें नातें गिट आपण होऊन लिहून ठेवीत नाहीं. तशी सूचना दिली, तरच मूळ खूण नकलेच्या टिपणांत येते.

या दक्षतेचें महत्त्व २०१६ सालीं दिसून आलें. लिनक्सच्या गाभ्यांतील ‘डर्टी काऊ’ हा दोष २००७ सालच्या २.६.२२ या आवृत्तीपासून गैरवापरास मोकळा होता. केवळ वाचण्याची मुभा असलेल्या फाइलींत सामान्य माणूस लिहूं शके आणि यंत्राचे सर्वाधिकार बळकावूं शके. दुरुस्ती प्रथम मुख्य शाखेवर झाली. मग २० ऑक्टोबरला ४.८.३, ४.७.९ व ४.४.२६ या स्थिर आवृत्त्यांतून ती लोकांस मिळाली. मूळ टिपणांत टॉर्व्हल्ड्स यांनीं नमूद केलें कीं, अकरा वर्षांपूर्वीं त्यांनींच हा दोष काढण्याचा प्रयत्न केला होता. पण एका विशिष्ट जातीच्या यंत्रावर अडचण आल्यामुळें तो रद्द झाला.

म्हणूनच स्थिर शाखांचा नियम असा कीं, दुरुस्ती आधीं मुख्य शाखेंत असावी आणि नकलेंत मूळ खूण द्यावी. नाहीं तर जुन्या आवृत्तींत बुजविलेलें भोंक नव्या आवृत्तींत उघडेंच राहावयाचें!

ओळी जुळल्या नाहींत, तर गिट थांबून माणसाला विचारतें. खरा धोका त्या बिनतक्रार जुळल्या म्हणजे असतो. कारण दुरुस्तीला आधारभूत असलेला दुसरा फेरफार जुन्या शाखेंत नसेल, तर तें गिटला कळत नाहीं. तेव्हां प्रत्येक नकलेची परीक्षा त्या त्या शाखेवरच झाली पाहिजे.