फौज, तिजोरी व निवृत्तिवेतन : विधिमंडळातील बाबासाहेब

(खोपट, ठाणे येथे बौद्ध उपासक-उपासिकांच्या सभेत एका वकिलांनी केलेले भाषण)



फौजेचा खर्च, सरकारचे अंदाजपत्रक आणि निवृत्त सैनिकांचे प्रश्न यांचा विहारातील व्याख्यानाशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्यास माझे उत्तर असे की, आपल्यातील अनेक घराण्यांत पहिले अक्षर फौजेने आणले. परमपूज्य बाबासाहेबांचे आजोबा मालोजी फौजेत होते. वडील सुभेदार रामजी हे महूच्या लष्करी शाळेचे प्रमुख शिक्षक होते आणि त्याच महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. गावात ज्याला पाटीला हात लावू देत नसत, त्याच्या मुलाला पलटणीच्या शाळेत बसावेच लागे.

हे दार पुढे बंद झाले. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची भरती थांबविली. कारण त्यांच्या शौर्यात काही उणे आढळले असे नव्हे. लढाऊ जाती व बिनलढाऊ जाती अशी एक कल्पना त्या काळच्या सेनाधिकाऱ्यांनी डोक्यात घेतली होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावास लढलेल्यांची नावे ज्या सरकारने दगडावर कोरली, त्याच सरकारने त्यांच्या नातवंडांना नालायक ठरविले! निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा तीच मागणी सरकारपुढे मांडली. पहिल्या महायुद्धात माणसांची टंचाई पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली गेली.

अर्ज करणारा आणि कायदेमंडळात बसणारा यांत काय अंतर असते ते यानंतर दिसते. १९४१ साली बाबासाहेबांची संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. पुढे याच रेजिमेंटमधून कृष्णराव आणि सुंदरजी हे दोन सरसेनापती झाले, आणि मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील १९८७ च्या लढाईबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हे तिघेही जातीने महार नव्हते. रेजिमेंटचे दार सर्वांना उघडले, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते.

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. या कारकिर्दीतील एक काम आपल्या लोकांना फारसे ठाऊक नाही. युद्ध संपत आले तेव्हा लाखो सैनिक घरी परतणार होते. त्यांच्या हाताला काम कोण देणार? जुलै १९४५ मध्ये मजूर खात्याखाली पुनर्वसन व रोजगार संचालनालय स्थापन झाले आणि सेवायोजन कार्यालये निघाली, ती या सुटलेल्या सैनिकांसाठी. १९४८ पासून ती सर्व बेकारांना खुली झाली. आपल्यापैकी ज्यांनी तरुणपणी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवून कार्ड सांभाळून ठेवले, त्यांनी त्या कार्डाचा उगम ध्यानी घ्यावा.

मात्र फौजेविषयी आस्था असणारा हा पुढारी फौजेच्या खर्चाविषयी आंधळा नव्हता. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर १० ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात त्यांनी हिशेब मांडला की, साडेतीनशे कोटींच्या वार्षिक उत्पन्नातून सुमारे १८० कोटी फौजेवर जातात. म्हणजे रुपयातील आठ आण्यांहून अधिक! हा भार चुकीच्या परराष्ट्रनीतीमुळे पडतो, संकटात धावून येईल असा मित्र आपण राखलेला नाही, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्या परराष्ट्रनीतीच्या मताविषयी आज वाद होऊ शकेल. परंतु तिजोरीतील प्रत्येक रुपयाला जाब विचारला पाहिजे ही दृष्टी वादातीत आहे. प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिणारा आणि १९२७ सालीच मुंबईच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर तुटून पडणारा सभासद दुसरे काय करणार?

जाब विचारण्याचे साधनही त्यांनी घटनेत ठेविले. कायद्याने मंजुरी दिल्यावाचून सरकारला संचित निधीतून पैसा काढता येत नाही, असे अनुच्छेद ११४ व २६६ सांगतात. लोकसभा मागणी नाकारू शकते, कमी करू शकते. ती वाढविण्याचा अधिकार मात्र तिला नाही. ३० मे १९४९ रोजी घटनासमितीत बोलताना बाबासाहेबांनी महालेखापरीक्षक हा घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे मत दिले, आणि त्याचे काम न्यायखात्याच्या कामाहूनही मोठे मानले. आम्हा वकिलांना हे ऐकून थोडे वाईट वाटते, पण ते खरे आहे.

कोणी उपासक मला विचारतात, पंचशील घेतलेल्याने बंदूक कशी धरावी? वैशालीचा सिंह सेनापती भगवंतांचा उपासक झाला, तेव्हा त्याने सेनापतिपद सोडावे अशी अट घातल्याचे विनयात आढळत नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची निकड यांत बाबासाहेबांनी भेद केला आहे. तो भेद प्रत्येकाने आपल्या मनाशी नीट तपासावा. मी त्यावर अधिक बोलत नाही.

आता निवृत्तिवेतन. सैनिकाचे निवृत्तिवेतन हा सातव्या अनुसूचीतील संघसूचीचा विषय आहे, नोंद ७१. ती सरकारची मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा यांच्या खटल्यात स्पष्ट केले. समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन ही मागणी ७ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशाने, १ जुलै २०१४ पासून लागू होऊन, बऱ्याच अंशी मान्य झाली. उलट २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची नोकरी आहे, निवृत्तिवेतन नाही, आणि फार तर चौघांतील एकाला कायम होण्याची संधी आहे. निवृत्तिवेतनाचा बोजा वाढतो हे खरे. पण तो कमी करण्याचा मार्ग गरिबाच्या मुलाच्या म्हातारपणातून काढावा काय, हा प्रश्न मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला या खोपटात विचारला गेला पाहिजे.

नवदीक्षित कुटुंबांना यात एक खास अडचण येते. एका विधवा भगिनीचे प्रकरण माझ्याकडे आले. विवाह बौद्ध पद्धतीने झालेला, दीक्षेनंतर नाव बदललेले, आणि पतीच्या सेवापुस्तकात पत्नी म्हणून तिची नोंदच नाही. कुटुंब निवृत्तिवेतन काही वर्षे अडून राहिले. विहारातील छायाचित्रे होती, साक्षीदार होते. हवा होता तो कागद नव्हता. म्हणून माझे सांगणे आहे. विहारात लागलेला विवाह महानगरपालिकेत नोंदवून दाखला घ्या. मुलगा किंवा जावई फौजेत असेल तर विवाहाची आणि प्रत्येक अपत्याची पार्ट टू ऑर्डर निघाली की नाही हे पाहा. नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत पलटणीच्या नोंद कार्यालयात पोहोचवा. जातीच्या दाखल्यासाठी बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचा हक्क जातो अशी भीती कोणी घालील. १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर ती भीती निराधार आहे.

दावा फेटाळला गेला तरी खचून जाऊ नये. २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले असून त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. त्याआधी ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. ज्यांच्या घरी असे अडलेले कागद असतील त्यांनी सभेनंतर थांबावे. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत, माझ्याही नाही, नक्कल आणावी.

जयभीम.