भाकरी महाग कोणी केली?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



‘काय खावे’ हा प्रश्न समाजवादी चळवळीने फारसा विचारलेला नाही. ‘खावयास मिळते की नाही’ हाच तिचा प्रश्न राहिला, आणि तो रास्तच होता. परंतु पहिला प्रश्न आता इतरांनी हाती घेतला आहे. आहारतज्ज्ञ सांगतात की भात आणि मैदा कमी करा, ज्वारी-बाजरीकडे वळा, मधुमेहाला आळा बसेल. पर्यावरणाचे अभ्यासक सांगतात की कमी पाण्यात पिकणारे धान्य खा. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. केंद्र सरकारने या धान्यांना ‘श्रीअन्न’ असे भारदस्त नाव दिले. पाठोपाठ शहरांतील मोठ्या दुकानांत ज्वारीची बिस्किटे, ज्वारीचे पोहे, ज्वारीच्या शेवया चकचकीत वेष्टनांत विराजमान झाल्या. जी भाकरी शेतमजुराच्या फडक्यात कांदा-चटणीसह बांधलेली असे, ती आज हौसेचा पदार्थ ठरली आहे. या साऱ्या उपदेशाचा सूर एकच असतो: ग्राहकाने शहाणे व्हावे आणि योग्य निवड करावी.

हा उपदेश चुकीचा नाही, तो अपुरा आहे. ज्या माणसाने ज्वारी सोडली तो अडाणी होता म्हणून त्याने ती सोडली, असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे.

महाराष्ट्राच्या पठारावर ज्वारी टिकली ती जमिनीच्या आणि पावसाच्या स्वभावामुळे. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या टापूंतील काळी जमीन पावसाळ्यात ओल धरून ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बी ज्वारी या साठलेल्या ओलीवर, पाण्याची एखादी पाळी मिळाली तर मिळाली, नाही तर तशीच, फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी राहते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवड पद्धतीने तयार झालेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण कित्येक दशकांनंतरही शेतकऱ्याने सोडलेला नाही, कारण तो दाणाही देतो आणि कडबाही. कडबा हा शब्द शहरी ग्राहकाच्या हिशेबात येतच नाही. पण दुष्काळी तालुक्यात एखाद्या घराची गाय विकली जाणार की राहणार, हे पुष्कळदा कडब्याच्या गंजीवरच ठरते. ज्वारी गेली म्हणजे माणसाचे एक धान्य गेले एवढेच नव्हे, तर जनावराची वैरणही गेली.

आणि ती मोठ्या प्रमाणावर गेली. एके काळी राज्यात ज्वारीखाली साठ लाख हेक्टरांच्या घरात क्षेत्र होते. आज ते त्याच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी आहे. खरिपात सोयाबीनने तिची जागा घेतली, आणि जेथे कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी पोहोचले तेथे उसाने. यात शेतकऱ्याचा दोष कोणता? उसाला कारखाना ठरलेला असतो. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडेल याची खात्री नसते. संकरित खरीप ज्वारी काढणीच्या वेळच्या पावसात काळी पडते, आणि काळ्या दाण्याला विचारतो कोण? सरकारने याही प्रश्नाला उत्तर शोधले. ते असे की २००७ मध्ये राज्यात धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आखण्यात आले. गरिबाच्या ताटातील धान्याला सरकारी पैसा मिळाला तो दारूच्या भट्टीच्या वाटेने.

ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर हीच कथा रेशनच्या दुकानात घडली. १९६५ मध्ये अन्न महामंडळ स्थापन झाले, हरितक्रांती आली, आणि सरकारी खरेदीचा सारा भर गहू व तांदूळ यांवर राहिला. अन्नधान्याच्या तुटवड्याच्या त्या काळात हे समजण्यासारखे होते. १९७२ च्या दुष्काळात ज्वारीच्या प्रदेशालाच अमेरिकेची लाल मिलो रेशनवर घ्यावी लागली, हे ज्यांनी पाहिले त्यांना त्या टंचाईची धास्ती सांगावी लागत नाही. पण टंचाई सरली तरी घडी तशीच राहिली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असे दर होते. कागदावर सर्वांत स्वस्त धान्य भरडधान्यच होते! मात्र एखाद्या हंगामाचा अपवाद सोडला तर महाराष्ट्राच्या गोदामांत ते नव्हतेच. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. म्हणजे प्रत्येक माणशी पाच किलो गहू-तांदूळ फुकट आणि ज्वारी मात्र बाजारभावाने. अशा स्थितीत मजूर कुटुंबाने गहू उचलला तर त्याला ‘चुकीची निवड’ म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

येथे गैरसमज नको. रेशनच्या गव्हा-तांदळाचा एक दाणाही कमी व्हावा असे कोणी सुचवील तर त्याला विरोधच केला पाहिजे.

आणखी एक कारण आहे, आणि त्याची चर्चा पुरुष कार्यकर्ते सहसा करीत नाहीत. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते कढत पाण्यात मळावे लागते, प्रत्येक भाकरी हाताने थापून चुलीसमोर बसून एकेक भाजावी लागते. पीठ शिळे झाले की भाकरी तुटते, म्हणून थोडथोडे दळून आणावे लागते. दिवसभर खुरपणी करून आलेल्या किंवा कारखान्यातील पाळी संपवून आलेल्या स्त्रीला गव्हाची कणीक सोयीची वाटली, यात नवल नाही. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईत महागाईविरोधी महिलांचे जे मोर्चे निघाले, त्यांचे चिन्ह लाटणे होते. भाकरीला लाटणे लागतच नाही, तिला लागतात ते हात. तेव्हा ‘भाकरी खा’ असे सांगणाऱ्याने ती कोण थापणार, याचेही उत्तर द्यावे. घरातील पुरुषाने ती थापावयास शिकणे ही काही अशक्यप्राय क्रांती नव्हे.

आरोग्याच्या बाजूनेही अतिशयोक्ती टाळलेली बरी. जात्यावर किंवा गिरणीत कोंड्यासकट दळलेला गहू आणि ज्वारी यांत तंतूंच्या बाबतीत मोठा फरक नाही. खरा फरक आहे तो ज्वारी आणि पॉलिश केलेला तांदूळ, ज्वारी आणि मैदा यांत. आज मजुराच्या चहाबरोबर जे बिस्किट येते, तेच बहुधा सर्वांत निकृष्ट अन्न असते. त्यात ज्वारीचे चिमूटभर पीठ मिसळून वेष्टनावर कणसाचे चित्र छापल्याने ते पौष्टिक होत नाही. दुसरे असे की ज्वारी हे काही अमृतही नव्हे. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतून दाखवून दिले होते की जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा त्वचेचा व मेंदूचा विकार आढळतो. त्या माणसांचे दुखणे ज्वारी होती असे नव्हे. ज्वारीबरोबर डाळ, दूध, भाजी नव्हती, हे त्यांचे दुखणे होते. भाकरीची मागणी करताना ताटातील उरलेल्या जागेचा विसर पडता कामा नये.

हे सारे बदलणे अशक्य आहे काय? शेजारी पाहावे. कर्नाटकाने हमीभावाने नाचणी आणि ज्वारी खरेदी करून ती रेशनवर दिली आहे. ओडिशाने २०१७ मध्ये आदिवासी भागांतून भरडधान्यांची मोहीम सुरू केली. तेथे नाचणीची सरकारी खरेदी झाली आणि काही जिल्ह्यांत अंगणवाडीतील मुलांच्या हाती नाचणीचे लाडू पडले. तेलंगणातील जहीराबाद परिसरात तर सरकारची वाट न पाहता दलित स्त्रियांच्या संघांनी १९९० च्या दशकातच पडीक जमिनी लागवडीस आणून गावातच ज्वारीचे कोठार उभे केले आणि गावातील गरिबांना त्यातून स्वस्त धान्य दिले. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या या कामात खरेदी गावची, साठवण गावची आणि वाटपही गावचे होते. या तिन्ही ठिकाणी ग्राहकाला उपदेश करून भागले नाही. धान्य त्याच्या दारापर्यंत आणावे लागले.

महाराष्ट्रात कामाची सुरुवात लहान ठेवावी. ज्या तालुक्यात रब्बी ज्वारी पिकते, त्याच तालुक्यातील रेशन दुकानात आणि शाळेच्या पोषण आहारात ती आली पाहिजे, एवढीच पहिली मागणी असावी. मुंबई-पुण्याच्या दुकानांचा विचार नंतर. शालेय आहारात ज्वारी आली तर भाकऱ्या थापण्याचे काम वाढेल, म्हणून स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांचे मानधन वाढविण्याची मागणी त्याच निवेदनात असावी. ती वेगळी काढली की मागे पडते. शहरातील सहानुभूतीदारांनी वेष्टनातील ‘श्रीअन्ना’ऐवजी शेतकरी गटांकडून वर्षाची ज्वारी एकत्रितपणे, आगाऊ रक्कम देऊन घ्यावी. त्यात भाव दोघांनाही परवडतो आणि प्लास्टिकही घरात येत नाही.

यात वेळेचे भान मात्र ठेवले पाहिजे. ज्वारी खळ्यावर आल्यावर खरेदी केंद्राचा मोर्चा काढण्यात अर्थ नसतो. तोवर दाणा व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेला असतो. पेरणी सप्टेंबरात सुरू होते. शेतकऱ्याने ज्वारी पेरावी की नाही हे ठरविण्याआधी खरेदीची हमी त्याच्या कानी पडावयास हवी. त्यासाठी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडावा लागेल आणि त्याची प्रत तहसीलदाराकडे त्याच आठवड्यात पोहोचवावी लागेल.