दोन नद्या आणि चार टेकड्या

पिंपरी-चिंचवड हें नांव उच्चारलें कीं ऐकणाराच्या डोळ्यांपुढें प्रथम उभे राहतात ते कारखाने, आणि तें साहजिकहि आहे. १९५४ सालीं पिंपरीस प्रतिजैविक औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६० नंतरच्या दशकांत औद्योगिक महामंडळानें माळावर भूखंड पाडले. मोटारी आल्या, स्कूटरी आल्या. १९७० सालीं नगरपालिका आणि १९८२ सालीं महानगरपालिका अशा पायऱ्या हीं खेडीं इतक्या झपाट्यानें चढलीं कीं, मागें वळून पाहण्यास त्यांना उसंत मिळाली नाहीं. २०११ च्या शिरगणतींत येथील वस्ती १७ लक्षांवर गेलेली होती. अशा गांवीं माणूस काम करण्यासाठीं येतो हें सर्वांस ठाऊक आहे. काम संपल्यावर तो कोठें जाऊन बसतो, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं.

जुन्या शहरांना विसांव्याच्या जागा वारशानें मिळालेल्या असतात. मुंबईला चौपाटी आहे, पुण्याला पर्वती आहे. तेथें जाणारास कोणी निमित्त विचारीत नाहीं. या नव्या शहराला असा वारसा नाहीं, असें वरवर पाहणारास वाटतें. येथील सुटीचा वारसुद्धां निराळा. विजेचा भार सर्व दिवसांवर सारखा वांटला जावा म्हणून या भागांतील औद्योगिक वसाहतींना गुरुवारची सुटी लावून देण्यांत आली, आणि भोसरीकडील कित्येक लहान कारखाने अजून गुरुवारींच बंद असतात. नवरा गुरुवारीं मोकळा, मुलें रविवारीं मोकळीं, आणि गृहिणी कोणत्याच वारीं मोकळी नाहीं, अशी पुष्कळ घरांची स्थिति आहे. त्यामुळें येथें सहल बेत आंखून क्वचितच होते. पहिली पाळी सुटल्यानंतरचा एखादा तास, किंवा संध्याकाळीं कुकर लावण्यापूर्वींची अर्धी घटका, एवढ्यांतच ती उरकावी लागते. आणि म्हणूनच घरापासून चालत जातां येईल अशी मोकळी जागा ही या शहरांत निकडीची गोष्ट होऊन बसली आहे.

निगडीची दुर्गा टेकडी ही अशी एक जागा. १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें आणि निगडी-आकुर्डीच्या बाजूस आंखीव रस्त्यांची वसाहत उठली. तिच्या उशाशीं ही टेकडी आहे. मुरमाड जमिनीवर झाडें लावून व जोपासून तिच्यावर आतां दाट बन तयार झालें आहे. पहांटे अंधार असतांनाच कानटोप्या घातलेली वयस्क मंडळी वर चढूं लागतात. यांतील पुष्कळांनीं तीस-तीस, पस्तीस-पस्तीस वर्षें एकाच कारखान्यांत पाळ्या केलेल्या असतात. भोंग्याच्या हुकमानें उठण्याची संवय अंगांत अशी मुरलेली कीं, निवृत्तीनंतरहि डोळा त्याच वेळीं उघडतो. मग पूर्वीं जे पाय कंपनीच्या बसच्या थांब्याकडे वळत, ते टेकडीकडे वळतात. कोणी साताऱ्याकडचा, कोणी खानदेशांतला, कोणी थेट केरळांतून आलेला. एकाच बांकावर माणदेशांतला पाऊस, जळगांवचीं भरिताचीं वांगीं आणि शेजाऱ्याच्या मुलाचें लग्न यांची चर्चा चाललेली ऐकूं येते. जुन्या पेठेंत जी ओळख व्हावयास दोन पिढ्या लागतात ती येथें टेकडीच्या तीन फेऱ्यांत होते.

संध्याकाळीं टेकडीचा रंग पालटतो. शेजारीं अप्पूघर आहे, तिकडे मुलांची ओढ. आणि जवळच भक्ति-शक्ति उद्यान, जेथें तुकोबा व शिवराय यांच्या भेटीचें शिल्प उभें आहे. २०१८ सालीं तेथें १०७ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभारला गेला; परंतु एवढ्या उंचीवरील वाऱ्यापुढें कापड टिकेना म्हणून ध्वज कित्येकदां उतरून ठेवावा लागला. ज्येष्ठ महिन्यांत देहूहून निघालेली तुकोबांची पालखी याच वाटेनें आकुर्डीच्या मुक्कामास येते. त्या दिवशीं येथें सहलीस आलेला कोण आणि दर्शनास आलेला कोण, हें सांगतां येत नाहीं.

महानगरपालिकेच्या बागा पुष्कळ आहेत. त्यांची यादी करण्यांत अर्थ नाहीं. चिंचवडच्या संभाजीनगर भागांत दगडाच्या जुन्या खाणीचें तळें करून त्याभोंवतीं 'बर्ड व्हॅली' नांवाचें उद्यान केलें आहे, तें मात्र पाहण्यासारखें. खणून टाकून दिलेल्या खड्ड्याला याहून चांगली गति मिळणें कठीण. भोसरीचें तळें आहे, २०१३ सालीं सुरू झालेलें विज्ञानकेंद्र आहे. बाकीच्या बागांतून हिरवळीवर बसूं नये अशी पाटी असते. मग हिरवळ कोणासाठीं, हें माळ्यासच ठाऊक.

परंतु या शहराचा खरा वारसा म्हणजे त्याच्या नद्या. दक्षिणेकडे पवना, उत्तरेच्या शिवेवर इंद्रायणी. पवना मावळांतील धरणांतून निघते आणि रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत बऱ्याच अंशीं डोंगरांतली नदी राहते. रावेतला शहर तिचें पाणी पिण्यासाठीं उचलतें, आणि तेथून खालीं नाल्यानाल्यानें आपलें सांडपाणी तिला परत करतें. एकाच नदीचे हे दोन जन्म अवघ्या कांहीं मैलांत पाहावयास मिळतात. थेरगांवास केजूबाईचा बंधारा आहे; पावसाळ्यांत त्यावरून पाण्याचा पांढरा पडदा कोसळूं लागला कीं सहकुटुंब मंडळी कणसें खात कांठावर उभी राहतात. अलीकडच्या वर्षांत मात्र पवनेच्या पात्रांत आणि आळंदीस इंद्रायणींत रासायनिक फेंसाचे ढीग तरंगूं लागले आहेत. लहान मुलांना तो बर्फ वाटतो, आणि त्यांना हात धरून मागें ओढावें लागतें. चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधिमंदिराच्या घाटावर अजून संध्याकाळीं बसण्यासारखी शांतता आहे. पूर आला म्हणजे पवना मंदिरांत शिरते, आणि तिचें तें रूप पाहावयास सारें गांव लोटतें.

नदीकांठ सर्वांना हवासा वाटतो, आणि हवासा वाटला कीं त्यावर कुंपण पडतें. चिखलीस इंद्रायणीच्या पूररेषेच्या आंत बंगल्यांची वसाहत उठली होती. न्यायालयांत प्रकरण गेलें, आणि मे २०२५ मध्यें ते ३६ बंगले महानगरपालिकेनें जमीनदोस्त केले. ज्यांनीं आयुष्याची कमाई त्यांत घातली त्यांची कींव येते. परंतु पुराच्या पाण्यालाहि पसरावयास जागा लागते, ही गोष्ट प्लॉट विकणारानें सांगितली नाहीं म्हणून खोटी ठरत नाहीं.

त्याच्या पुढच्याच महिन्यांत त्याच नदीवर, देहूच्या वरच्या अंगास, कुंडमळ्याचा प्रसंग घडला. तेथें इंद्रायणीच्या पात्रांत काळ्या कातळावर खोल कुंडें कोरलेलीं आहेत. प्रवाह आपल्याबरोबर आणलेले गोटे भोंवऱ्यांत फिरवितो, ते गोटे जात्याप्रमाणें खडक भरडतात, आणि शतकानुशतकांनीं रांजणाएवढे, कोठें विहिरीएवढे खळगे तयार होतात. पहिल्या पावसांत त्यांतून पाणी उसळूं लागलें कीं तें दृश्य पाहावयास दुचाकीवरून, लोकलनें, मिळेल त्या वाहनानें लोक येतात. १५ जून २०२५ हा रविवार होता. नदी भरून वाहत होती, आणि पलीकडे जाण्यासाठीं गांवकऱ्यांच्या सोयीचा म्हणून सुमारें तीस वर्षांपूर्वीं बांधलेला लोखंडी सांकव पाहुण्यांनीं भरून गेला होता. दुपारीं तो कोसळला. चार माणसें मृत्यूमुखीं पडलीं, अनेक जखमी झालीं.

धोक्याची पाटी लावलेली होती, असें नंतर सांगण्यांत आलें. लोकांनीं ती मानली नाहीं, हेंहि खरें. परंतु उतावळ्या तरुणांना दोष देऊन हा विषय संपत नाहीं. त्या गर्दींत आईबाप होते, कडेवर मुलें होतीं. शहरांतून वाहणारी नदी नाकाला पदर लावून ओलांडावी लागते, म्हणून स्वच्छ पाणी पाहावयास माणसें वरच्या अंगास जातात. तेथें एखादा पक्का कठडा, एखादा रखवालदार, बसावयास चार पायऱ्या असत्या, तर सांकवावर एवढी दाटी झाली असती काय? प्रसंगानंतर धोक्याच्या जागीं जाण्यास बंदी करणारे हुकूम निघाले. बंदी एका दिवसांत निघते. घाट बांधावयास वर्षें लागतात.

कुंडमळ्याच्या दोन्ही अंगांस दोन टेकड्या आहेत, आणि गर्दीपासून दूर जाऊं इच्छिणारास त्या अधिक मानवतात. बेगडेवाडीच्या स्थानकावर उतरलें कीं घोराडेश्वराचा डोंगर समोर दिसतो. त्यांतील लेणीं मूळचीं बौद्ध. पुढें एका लेण्यांत महादेव आले, आणि महाशिवरात्रीस तेथें मोठी जत्रा भरते. वर भिक्षूंच्या थंडगार खोल्यांपुढें उभें राहिलें म्हणजे खालीं जुना हमरस्ता, नवा द्रुतगति मार्ग आणि गहुंज्याचें क्रिकेटचें मैदान एका दृष्टिक्षेपांत येतात. नदीपलीकडे भंडारा डोंगर. हा, घोराडेश्वर आणि चाकणकडील भामचंद्र या तीन ठिकाणीं तुकोबा एकांतासाठीं जाऊन बसत, अशी परंपरा आहे. देहूसारख्या तेव्हांच्या लहानशा गांवांतहि ज्याला गलबल्यापासून दूर जावेंसें वाटलें, त्यानें आजची चाकणची वाहतूक पाहिली असती तर काय म्हटलें असतें, ही कल्पनाच करावी.

चाकणला बाग म्हणावी अशी जागा हुडकावी लागते. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाच्या फौजेपुढें जवळजवळ दोन महिने झुंजविलेला संग्रामदुर्ग गांवांतच आहे. पण त्याच्या राहिलेल्या भिंतींच्या सावलींत येऊन बसणारे थोडे. मराठवाड्यांतून, बिहारांतून आलेलीं तरुण पोरें एकेका खोलींत चार-चार, पांच-पांच राहतात, आणि सुटीच्या दिवशीं चहाच्या टपरीपुढें उभीं राहून दिवस घालवितात.

यांतील कांहीं आतां भामचंद्रावर जाऊं लागलीं आहेत. डोंगराच्या आसपास औद्योगिक वसाहत पसरत आलेली आहे. २००८ सालीं तेथें जवळच शिंदे-वासुलीस एका परदेशी रसायन कंपनीचें केंद्र उभें राहूं लागलें, तेव्हां गांवकरी व वारकरी यांनीं तीव्र विरोध केला, आणि शेवटीं कंपनीस तेथून पाय काढावा लागला. विरोधाची रीत सर्वांस पटली नाहीं. पण डोंगर राहिला. वर कातळांत कोरलेल्या गुहा आहेत, आणि त्यांच्यापुढें अरुंद वाट. तेथें दुपारीं एखादा साधक डोळे मिटून बसलेला असतो, तर चार पावलांवर गळ्यांत कंपनीचें ओळखपत्र घातलेला एखादा पोरगा डबा उघडून बसतो. दोघेहि एकमेकांस कांहीं विचारीत नाहींत. दिवस मावळूं लागला म्हणजे खालच्या पत्र्याच्या छपरांवरचें ऊन उतरतें, कारखान्यांचे दिवे एकामागून एक लागतात, आणि दुसऱ्या पाळीवर जावयाचें नसेल तर पोरगा आणखी थोडा वेळ तेथेंच बसून राहतो.